सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीस अ

अमरावतीहून अकोल्यास जाणारा रस्ता आम्ही आयुष्यभर 'सहा नंबर' म्हणून ओळखला. २०१० साली देशातील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरविण्यात आले आणि आमचा सहा नंबर त्रेपन्न झाला. जून २०२२ मध्ये याच रस्त्याच्या ७५ किलोमीटर लांबीवर १०५ तास ३३ मिनिटांत डांबराचा थर पसरून गिनीजच्या विक्रमांत नाव नोंदविण्यात आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्रेपन्न असेच छापले. आम्ही मात्र मूर्तिजापूरकडे कोणास वाट सांगायची झाल्यास आजही 'सहा नंबरला लागा' असेच म्हणतो, आणि समोरचा बरोबर पोहोचतो. माणसाच्या डोक्यात दोन्ही क्रमांक एकाच रस्त्याला बांधलेले असतात. संगणकाच्या डोक्यात तसे काही आपोआप बांधले जात नाही, हे आम्हांस याच रस्त्याच्या दोन टोकांना पसरलेल्या एका कामात समजले. जरा उशिराच समजले.

काम असे. निवृत्तीनंतर आमच्या अमरावतीतील धर्मग्रामाची स्नानसंस्काराची नोंदवही आम्ही संगणकावर उतरवून दिली होती. वाळवी, पावसाळ्यातील दमट हवा आणि आमच्या आधीच्या पिढ्यांची फिकट होत गेलेली शाई यांपासून काही वाचावे, एवढाच हेतू. ते पाहून अकोल्याकडील एका धर्मग्रामाच्या फादरांनी बोलावणे धाडले. त्या धर्मग्रामाचे नाव येथे घेत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्यांचा काहीच दोष नाही. तेथील युवा मंडळाच्या मुलींनी आपली वही आधीच टंकून ठेवली होती. दोन्ही याद्या एकत्र कराव्यात, म्हणजे लग्नाच्या वेळी कोणाचा दाखला कोठे आहे याचा शोध सोपा होईल, अशी फादरांची इच्छा.

या वह्यांचे महत्त्व वाचकांस सांगावयास नको. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहांची वही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, आणि पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने अशा वह्या कशा लिहाव्यात त्याचे नमुने घालून दिले. १९८३ च्या धर्मसंहितेचा ५३५ वा नियम स्नानसंस्काराच्या नोंदीजवळच दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा आणि व्रतबंध यांच्या टिपा जोडावयास सांगतो. म्हणजे माणूस पुढे कोठेही गेला, वसईस गेला किंवा आखातात गेला, तरी त्याच्या ख्रिस्ती आयुष्याची किल्ली त्या एका ओळीत राहते. वर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रमांक सांगा, ओळ सापडते.

किल्ली हा शब्द आम्ही सहज वापरला, पण संगणकवालेही हाच वापरतात. आमची भाची पुण्यास संगणकाच्या आज्ञावल्या लिहिते. ती 'की' म्हणते. मराठीत 'की' हे अव्यय असल्याने तिच्या वाक्यांत भलताच घोटाळा होतो, म्हणून आम्ही किल्लीच म्हणणार. तिने समजावले ते असे. नोंदी ठेवण्याची 'हॅश मॅप' नावाची एक रचना असते. जुन्या टपाल कचेरीत पत्रे लावण्यासाठी खणाखणांची लाकडी चौकट असे, ती डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक नोंदीस एक किल्ली. किल्ली हाती आली की संगणक तिच्यावरून एक गणित करतो आणि त्या गणितातून खणाचा क्रमांक निघतो. नोंद त्या खणात जाते. पुढे शोधतानाही तेच गणित, तोच खण. आणि खणात एकाहून अधिक नोंदी असल्या तर आतल्या किल्ल्यांशी ताडून पाहिले जाते. सगळी चौकट चाळावी लागत नाही, म्हणून हजारो नोंदींतून एक क्षणात हाती येते.

खुबी त्या गणितात आहे. ते किल्लीच्या दिसण्यावर चालत नाही, ती कोणत्या जातीची आहे यावर चालते. (जात हा शब्द आम्ही नाइलाजाने वापरतो.) भाचीच्या जावा नावाच्या भाषेत चौकटीस आरंभी सोळा खण असतात, चौकट भरत आली की ते वाढतात. सत्तेचाळीस ही किल्ली 'संख्या' म्हणून दिली तर ती पंधराव्या खणात जाते. तेच सत्तेचाळीस 'मजकूर' म्हणून, म्हणजे इंग्रजी चार आणि इंग्रजी सात ही दोन चिन्हे शेजारी ठेवून दिले, तर संगणक त्या चिन्हांचे ५२ आणि ५५ हे अंतर्गत क्रमांक घेतो, पहिल्यास ३१ ने गुणून दुसरा मिळवतो, १६६७ येतात, आणि नोंद तिसऱ्या खणात जाते. आपले देवनागरी ४७ लिहिले तर चिन्हांचे क्रमांक २४१० आणि २४१३. गणिताचे उत्तर ७७१२३ आणि खण दुसरा. आपण तिन्हींस सत्तेचाळीसच वाचतो. त्यास ती तीन वेगळी माणसे वाटतात.

यात एक खोच आहे, ती भाचीने दोनदा सांगितली. संख्येची किल्ली असलेल्या चौकटीत मजकुराची किल्ली घालू गेल्यास ही भाषा हटकते. काम सुरू होण्यापूर्वीच चूक दाखवते. परंतु त्याच चौकटीस प्रश्न विचारताना कोणतीही किल्ली चालते. मजकुरातील ४७ घेऊन संख्यांच्या चौकटीस विचारा. ती रागावत नाही, हटकत नाही, 'नोंद नाही' एवढेच शांतपणे सांगते. ठेवताना काटेकोर आणि विचारताना सैल, असे कारकून आम्ही सरकारी कचेऱ्यांत पाहिले आहेत. त्यांच्या 'नाही'चा अर्थ 'तुम्ही नीट विचारले नाही' असाही असतो, हे अर्जदारास कधी कळत नाही.

हे ऐकताना आम्हांस आमच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या मृतदिनाची आठवण झाली. २ नोव्हेंबरला कबरीपाशी त्यांचे आवडते अनुतापाचे स्तोत्र वाचावे असे ठरले. त्यांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात त्यावर क्रमांक होता १२९. पुतण्याने मराठी बायबल उघडून १२९ वे स्तोत्र मोठ्याने वाचले. अगाध खोलीतून प्रभूला मारलेली हाक ऐकण्यासाठी आम्ही मान खाली घालून उभे, आणि कानांवर येऊ लागली वैऱ्यांनी पाठीवर नांगर चालवून लांब तासे पाडल्याची तक्रार. आमचे एक वृद्ध चुलते, सारा जन्म कोरडवाहू कापसात गेलेले, नंतर म्हणाले की आपल्या दादाला हेही चालले असते.

घोटाळ्याचे कारण पुढे आम्ही शोधले. जुन्या लॅटिन बायबलातील स्तोत्रांचे क्रमांक ग्रीक भाषांतराच्या वळणाने चालत, आजची बायबले हिब्रू क्रमांक पाळतात. सर्वत्र एकाचा फरक असता तर एक मिळवला की भागले असते. पण पहिली आठ स्तोत्रे दोन्हीकडे सारखी. हिब्रूतील ९ आणि १० ग्रीकात एकत्र होऊन ९ झाली, तेथून ग्रीक क्रमांक एकाने मागे पडला. पुढे ११४ आणि ११५ पुन्हा एकत्र, लगेच ११६ चे दोन तुकडे, मग पुन्हा एकाचा फरक, आणि शेवटी १४७ चे दोन तुकडे होऊन १४८ पासून दोघेही एका पावलावर येतात. दोन्हीकडे एकूण १५०. बेरीज जुळली म्हणून ओळ न् ओळ जुळली असे समजणाऱ्यासाठी यापरता चांगला सापळा नाही. वडिलांच्या पुस्तकातील १२९ म्हणजे आजचे १३०. किल्ली बदलावयाची तर कोणती स्तोत्रे कोठे जोडली गेली आणि कोठे तुटली हे ठाऊक असावे लागते. हे सारे शोधून काढणारे आम्ही! आणि तरीही अकोल्याच्या यादीत आम्ही काय केले ते आता सांगतो.

आमची अमरावतीची यादी संख्यांच्या किल्ल्यांवर होती. अकोल्याच्या मुलींनी क्रमांक देवनागरीत, मजकूर म्हणून टंकले होते. एका चौकटीतून प्रत्येक नोंद उचलायची, तिची किल्ली मजकुराची संख्या करायची आणि दुसऱ्या चौकटीत ठेवायची, एवढेच काम. ही भाषा देवनागरी अंकही न अडता वाचते; ४७ हा मजकूर दिला की सत्तेचाळीस ही संख्या परत देते. याचा आम्हांस अभिमानच वाटला. भाचीने काम सुरू केले आणि ते थोड्याच वेळात थांबले. पडद्यावर चूक उमटली. कोठल्याशा ओळीत अंकांबरोबर आणखी काही होते आणि त्याची संख्या करता येत नाही, असे संगणकाचे म्हणणे. भाचीने डोकावून पाहिले. एका क्रमांकामागे रिकामी जागा, दुसऱ्यामागे ठिपका.

"मामा, अशा ओळी पुष्कळ असतील. तुम्ही एकदा अकोल्याला जाऊन मूळ वही बघून याल का?"

धर्मग्रामाचा सण आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी मिस्सानंतर यादी सर्वांस दाखवायची असे आम्हीच फादरांस कळविले होते. मुलींच्या टंकलेखनातील तो कचरा असणार, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या की असा विश्वास येतो. आम्ही म्हणालो, "अंकाखेरीज जे काही असेल ते गाळून टाक आणि पुढे चल."

तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग गाळले. काम एकदाही न अडखळता पार पडले.

सणाच्या दिवशी फादरांच्या कचेरीत आम्ही संगणकापुढे बसलो होतो. गर्दी ओसरल्यावर मूर्तिजापूरकडून आलेल्या एक बाई आपल्या मुलीस घेऊन आत आल्या. मुलीचे लग्न वसईस ठरलेले. तिकडच्या धर्मगुरूंनी स्नानसंस्काराचा ताजा दाखला मागितला होता. मुलगी १९९६ ची. बाईंनी पिशवीतून घडी घातलेला जुना कागद काढला, त्यावर क्रमांक ४७. आमचे पहिले काम! आम्ही ऐटीत १९९६ आणि ४७ दाबले. नोंद तत्क्षणी आली. आई-वडिलांची नावे बरोबर. मुलीचे नाव वेगळे होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते की हा संस्कार रुग्णालयात परिचारिकेने केला व बालक त्याच पहाटे निवर्तले.

मुलगी म्हणाली, "हे माझं नाव नाही."

बाई खुर्चीच्या पाठीला धरून पडद्याजवळ वाकल्या. वाचण्यास त्यांना वेळ लागला. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "हे तं माही लहानी व्हय, सर. मोठी हे इथं उभी हाय."

फादरांनी लोखंडी कपाटातून मूळ वही काढली. त्या वर्षाच्या पानावर ४७, त्याखाली दाटीवाटीने बारीक अक्षरांत ४७अ, मग ४८. बाईंनी सांगितले ते आणि वहीतील टीप असे दोन्ही जुळवून जी हकीकत उभी राहिली ती अशी. जुळ्या मुली. धाकटी जन्मतःच अत्यवस्थ. रात्रपाळीच्या ख्रिस्ती परिचारिकेने तिच्या कपाळावर पाणी घालून पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने तिला स्नान दिले आणि स्वतःच्या आईचे नाव ठेवले. मृत्यूची भीती असेल तेव्हा योग्य हेतूने कोणीही हा संस्कार देऊ शकतो. मात्र धर्मगुरूंस तो कळवावा लागतो. परिचारिका दुसऱ्याच दिवशी रजेवर आपल्या गावी गेली. तीन आठवड्यांनी थोरलीस चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला, तिचा क्रमांक ४७. परिचारिका परतून फादरांस भेटली तोवर वही बावन्नपर्यंत गेली होती. त्या वेळच्या फादरांनी धाकटीस ५३ द्यावयाचे ते न देता बहिणीशेजारी जागा करून दिली. तो 'अ' म्हणजे ती जागा.

आम्ही तो कचरा म्हणून गाळला होता.

मग घडले ते असे. संगणकाने आधी ४७ ही नोंद उचलली, संख्या केली, खणात ठेवली. पुढची ४७अ, 'अ' गेला, उरले ४७. त्याच किल्लीची नोंद खणात आधीच होती. हॅश मॅपमध्ये एका किल्लीस एकच नोंद. नवी आत गेली, जुनी बाहेर. थोरली बाहेर पडली आणि धाकटी तिच्या जागी बसली. जी बोहल्यावर चढणार होती तिचा यादीत मागमूस नव्हता, आणि जी एक रात्र जगली तिच्यापाशी तिच्या बहिणीचा क्रमांक होता.

त्या रात्री आम्ही भाचीस फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही. नंतर तिने जे सांगितले त्याने आम्हांस अधिकच वाईट वाटले. नवी नोंद ठेवताना जुनी बाहेर पडली, तर ही आज्ञा ती बाहेर पडलेली नोंद परत हातात देते. 'ही येथे होती, हिचे काय करावयाचे' असे जणू विचारते. हात पुढे केला नाही तर ती नोंद तशीच नाहीशी होते. तिने हात पुढे केला नव्हता, असे ती म्हणाली. याद्या उतरविण्याची दुसरीही एक रीत आहे, तीत एकच किल्ली दोनदा आली की काम तेथेच बंद पडते. ती वापरली असती तर बरे झाले असते, असेही म्हणाली. आम्ही तिला सांगितले की बंद पडणाऱ्या कामास पुढे रेटणारे आम्हीच होतो. वाद तेथे मिटला. पण तिचा आवाज मिटला नव्हता.

'अ' चा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? वऱ्हाडात कोणत्याही शेतकऱ्यास विचारा. सातबाऱ्यावरील गट क्रमांकामागची तिरपी रेघ आणि तिच्यामागचा हिस्सा गाळून पाहा म्हणावे. भावाभावांत फौजदारी उभी राहील. आमच्याच वडिलोपार्जित पाच एकरांच्या मागे असे अक्षर आहे. त्या अक्षरासाठी आमच्या आजोबांनी तालुक्यास किती खेटे घातले ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जमिनीचे अक्षर लक्षात राहिले.

फादरांनी त्याच दुपारी थोरलीचा दाखला हाताने लिहून दिला. शिक्का मारून कागद पुढे सरकवला तरी बाई उठेनात. मुलीने खांद्यास हात लावला. मग त्यांनी विचारले की धाकटीचाही असा कागद मिळतो काय. तो कोठेच द्यावयाचा नव्हता, कोणी मागितलाही नव्हता. फादरांनी काही न विचारता दुसरा छापील नमुना घेतला आणि क्रमांकाच्या जागी नीट अक्षर काढून ४७अ लिहिले. बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली आणि पिशवीत ठेवले. जाताना त्यांनी आमचे आभार मानले. आम्हांस तोंड वर करवले नाही.

त्यानंतर आम्ही दोन्ही याद्यांच्या किल्ल्या मजकुराच्याच केल्या. वहीत जसे आहे तसे, अक्षरासह. फक्त अंक एकाच लिपीत आणि मागेपुढे रिकामी जागा नाही. अमरावतीच्या संख्यांचा मजकूर करणे सोपे होते, कारण त्या दिशेने काही हरवत नाही. जुनी किल्ली प्रत्येक नोंदीत वेगळ्या रकान्यात राखून ठेवली. (अशी यादी साठवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत, जिला जेसन म्हणतात, किल्ली नेहमी मजकूरच असते, संख्या ठेवली तरी परत मजकूर होऊन येते. म्हणजे आम्ही हट्टाने संख्या केल्या त्याची मुळात गरजही नव्हती.) आणि जे आधी करावयाचे ते शेवटी केले. उतरविण्यापूर्वीच्या नोंदी मोजल्या, नंतरच्या मोजल्या. आमच्या त्या पहिल्या उतरवणीत तीन कमी भरत होत्या.

एक ४७. दुसरी निघाली एकाच माणसाची दोनदा टंकलेली नोंद. तिचे कोणास दुःख नाही. तिसरी १९७४ मधील १०८. यादीत ती दोनदा होती, एकदा नुसती, एकदा मागे ठिपका देऊन, आणि नावे दोन निराळ्या घराण्यांतील दोन मुलग्यांची. ठिपका गाळल्याने एक दुसऱ्यावर जाऊन बसला होता. या वेळी मात्र आम्ही भाचीस सुटी घ्यावयास लावून सहा नंबरने अकोल्यास गेलो आणि वही उघडली. १९७४ च्या फादरांच्या हातून दोन लागोपाठच्या ओळींस १०८ हाच क्रमांक पडला आहे. समासात विवाहाची एक टीप आहे, ती नेमकी दोन ओळींच्या मधोमध. दोघांपैकी कोणाची ते विवाहांच्या वहीवरून ठरवावे लागेल, आणि तो विवाह कोणत्या धर्मग्रामात झाला ते शाईवर पाणी सांडल्याने वाचता येत नाही. फादर दोन्ही घराण्यांकडे चौकशी करीत आहेत.

ते पान ज्या मुलीने टंकले ती आता लग्न होऊन नागपुरास आहे. फादरांकडून क्रमांक घेऊन आम्ही तिला फोन केला आणि ठिपक्याविषयी विचारले. तिला लगेच आठवले.

"तो मीच दिला होता, सर. दुसरा एकशे आठ संगणक घेतच नव्हता. पण वहीत तर दोघं होते ना."